दर्शनी भागातल्या आजी

दुसऱ्याच्या अंगणाबद्दल तक्रार करण्यापूर्वी माणसाने आपल्या अंगणात एक चक्कर मारावी. नियमकाकांनी ती मारली नाही. ते थेट टेबलाशी बसले, चष्मा पुसला आणि समोरच्या गॅरेजवाल्याच्या बंद टेम्पोविरुद्ध नगरपालिकेला असा काही अर्ज लिहिला, की वाचताना त्यांचं त्यांनाच भरून आलं.

टेम्पो बिचारा कोणाच्या अध्यात ना मध्यात. इंजिन काढून घेतल्यापासून तो गॅरेजवाल्याच्या घरापुढे गंजत उभा होता आणि मांजरं सोडली तर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं. पण नगररचना विभागाने नवे नियम काढले आणि काकांनी ते पुस्तक आणून पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचलं. असं करणारा अख्ख्या शहरात तो एकच माणूस असावा. विभागात तरी कोणी केलं असेल असं वाटत नाही. पुस्तकात म्हटलं होतं, की घराच्या दर्शनी भागात कायम ठेवलेली यंत्रं, टाक्या, भंगार, मोडकं सामान वगैरे रस्त्यावरून दिसता कामा नये. त्यापुढे माणसाच्या उंचीचा, बारा महिने दाट राहणारा 'हिरवा आडोसा' हवा. हिरवा आडोसा म्हणजे झुडपांचं कुंपण, पण सरकारी पुस्तकात झुडपालाही हुद्दा लागतो.

नियमकाका हे अर्थातच जन्माचं नाव नव्हे. परीक्षांचे पर्यवेक्षक म्हणून त्यांची हयात गेली. बाकांच्या रांगांमधून फिरायचं आणि "आपापल्या पेपरात बघा" म्हणायचं, एवढंच काम. निवृत्तीनंतर बाकं गेली आणि फिरणं तेवढं राहिलं. गल्लीत कोणी गाडी तिरकी लावली, कोणी पाण्याचा पाईप रस्त्यावर सोडला, की काका हात मागे बांधून हजर. लोकांनी चिडून नाव ठेवलं आणि काकांनी ते पदवी म्हणून घेतलं.

"अहो, तो टेम्पो तुमच्याकडे काय खायला मागतो का?" काकूंनी विचारलं.

"प्रश्न टेम्पोचा नाही, तत्त्वाचा आहे."

"मग तत्त्व झाका की. टेम्पोच्या मागे कशाला लागता?"

व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीतून आजी म्हणाल्या, "राहू दे गं. काही माणसांना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ लांबूनसुद्धा दिसतं."

आजी म्हणजे काकूंच्या आई. लेकी बोले सुने लागे अशी म्हण आहे. आजींनी तिच्यात सुधारणा करून लेकी बोले जावया लागे अशी सोय केली होती. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून त्यांचा मुक्काम त्या खुर्चीत असे. सकाळचा चहा झाला की काकू त्यांना धरून आणून बसवत, ते थेट दिवेलागणीपर्यंत. समोर गल्ली, आणि गल्लीवर आजींचं धावतं समालोचन. "गॅरेजवाल्याचं आज घरात वाजलंय, हातोडी बघ कशी आपटतोय." किंवा, "वकिलाची बायको रिकामी पिशवी घेऊन गेली आणि रिकामीच घेऊन आली. मला हे लक्षण बरं दिसत नाही."

पार्सलवाले पत्ता विचारायला आजींकडेच येत. गॅरेजवाला गाडीखाली उताणा पडलेला असला आणि गिऱ्हाईक परत निघालं, की आजी इकडून ओरडत, "अहो, जाता कुठे? ते पाय दिसतायत ना, ते त्याचेच आहेत!" काका पेपरात डोकं खुपसून हे सगळं ऐकत आणि ऐकत नसल्याचं दाखवत. आजींना गल्लीत जाता येत नव्हतं, म्हणून गल्ली त्यांच्याकडे येत होती. त्यांच्या आयुष्यात आता तेवढंच उरलं होतं आणि त्यांना ते भरपूर होतं.

तर अर्ज गेला आणि निरीक्षकबाई आल्या. हातात टेप, गळ्यात ओळखपत्र. वयाने लहान, आवाजाने मऊ. मऊ आवाजाची सरकारी माणसं किती धोक्याची असतात हे काकांना अजून ठाऊक नव्हतं. त्यांनी गेटातूनच समोर बोट दाखवलं.

"तिकडे जायचंच आहे, काका," बाई म्हणाल्या. "पण आमची पद्धत अशी आहे, की तक्रारदाराच्या घरापासून सुरुवात करायची. म्हणजे कोणी पक्षपात म्हणायला नको."

"उत्तम पद्धत आहे," काका म्हणाले. त्या दिवसातलं हे त्यांचं शेवटचं आनंदी वाक्य.

बाईंनी पाण्याची टाकी लिहिली. टाकीचा लोखंडी स्टँड लिहिला. घरात मावत नाही म्हणून बाहेर आलेलं वॉशिंग मशीन लिहिलं. दार निखळलेलं कपाट लिहिलं, ज्यात काका जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे सांभाळून ठेवत. का, ते काकूंनाही कधी कळलं नव्हतं. शेवटी बाई खुर्चीपाशी येऊन थांबल्या.

"ही कायम इथेच असते?"

"मी कायम इथेच असते," आजी म्हणाल्या. "खुर्ची माझ्याखाली असते."

बाईंनी लिहिलं, 'जुनी खुर्ची, वापरात.' काकांनी वाकून ते वाचलं आणि त्यांचा आवाज चढला. "अहो, त्या माझ्या सासूबाई आहेत!"

"मी फक्त खुर्ची लिहिलीय. आजींना नियम लागू होत नाही."

"का बरं?" आजींना ते चांगलंच लागलं. "मोडक्या कपाटाला लागू आणि मला नाही?"

मग बाई समोर गेल्या. गॅरेजवाल्याला तक्रारीचा सुगावा आधीच लागला होता. कसा, ते सांगायला नको, कारण आजींचा आवाज खणखणीत होता. त्याने टेम्पोच्या मागच्या हौद्यात माती भरून फुलझाडं लावली होती आणि केबिनवर एक वेल चढवून दिला होता. निरीक्षकबाई ते पाहून हरखल्या. टाकाऊ वस्तूतून सुशोभन, असं म्हणून त्यांनी चारी बाजूंनी फोटो काढले आणि विभागाच्या प्रदर्शनात लावायची परवानगी मागितली. गॅरेजवाल्याने हात पुसून टेम्पोशेजारी उभं राहून आणखी एक काढून घेतला. नोटीस आली ती नियमकाकांना.

"याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण," काकू म्हणाल्या.

नोटिशीत लिहिलं होतं, की मुदतीत हिरवा आडोसा उभा न केल्यास विभाग स्वतः येऊन तिथे पत्रे ठोकेल, आणि ते पत्रे मग कायमचे राहतील. काकांनी शेजारच्या वकिलांना बोलावलं. वकिलांचा सगळा जन्म घटस्फोटाच्या दाव्यांत गेला होता, त्यामुळे कुठल्याही प्रश्नात त्यांना नवरा-बायको दिसत.

"पहिली गोष्ट, काही मान्य करू नका," ते म्हणाले. "टाकी तुमची आहे, हे तरी त्यांनी कुठे सिद्ध केलंय?"

"वकीलसाहेब, टाकीवर माझं नाव रंगवलंय."

"तुम्ही रंगवलंत, असं कोण म्हणतो? बरं, समजा समेट करायचा झालाच, तर आडोशाचा ताबा कोणाकडे आणि खतपाण्याची जबाबदारी कोणावर, हे आधीच ठरवून घ्या. पुढे फार त्रास होतो, काका. मी पाहिलेत संसार."

काकांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि स्वतः टेप घेऊन अंगणात उतरले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपलं घर कोपऱ्यावर आहे. कोपऱ्यावरच्या घरांना पुस्तकात वेगळं प्रकरण होतं. वळणाऱ्या गाड्यांना पलीकडचं दिसावं म्हणून कोपऱ्यालगतच्या जागेत कमरेपेक्षा उंच काहीही हिरवं वाढता कामा नये. या जागेला 'दृष्टित्रिकोण' म्हणत, आणि टाकी नेमकी त्या त्रिकोणाच्या पोटात उभी होती. म्हणजे टाकी झाकायला झुडूप माणसाच्या उंचीचं हवं आणि ते कमरेच्या वर जाता कामा नये. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काकांनी आकृती काढली आणि नगररचना विभाग गाठला.

"दोन्ही नियम पाळा," टेबलामागचे साहेब म्हणाले.

"एकाच जागी?"

"जागा एकच असेल तर एकाच जागी."

"अहो, पण एक म्हणतो वाढवा, दुसरा म्हणतो छाटा."

"ती दोन वेगवेगळी टेबलं आहेत," साहेब शांतपणे म्हणाले. "आमचं टेबल वाढवण्याचं. छाटण्याचं त्या खिडकीजवळ."

खिडकीजवळचे साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी आकृती उलटसुलट करून पाहिली आणि टाकीच हलवायला सांगितली. कोपऱ्यातून काढा, व्हरांड्यासमोर आणा, तिथे आडोसा हवा तेवढा वाढवा. काकांना ते इतकं पटलं, की त्यांनी उठून साहेबांशी हस्तांदोलन केलं. व्हरांड्यासमोर आडोसा, म्हणजे आजींच्या खुर्चीसमोर आडोसा, हे काकूंनी घरी आल्यावर त्यांना सांगितलं.

"मग खुर्ची कोपऱ्यात नेऊ," काका म्हणाले.

"त्या विजेच्या डीपीला टेकून बसवणार आईला? उन्हात?"

"तात्पुरती गैरसोय होईल. शेवटी नियम आहे."

आजींनी गॅरेजवाल्याच्या दुकानात आलेल्या गाडीकडे पाहिलं आणि हिचा मालक उधार ठेवणारा दिसतोय, असं लेकीला सांगितलं.

टाकी व्हरांड्यासमोर आली, खुर्ची होती तिथेच राहिली. झुडपं वाढेपर्यंत हिरवी जाळी लावायची होती. जाळी बांधून होताच घर बांधकाम चालू असलेल्या इमारतीसारखं दिसायला लागलं, आणि लोक गेट वाजवून फ्लॅटची चौकशी करू लागले. एक जोडपं तर कोणता मजला शिल्लक आहे म्हणून अडूनच बसलं. "तळमजला आहे," जाळीमागून आजींचा आवाज आला, "पण सोबत सासू घ्यावी लागेल." जाळीतून त्यांना अजून थोडं दिसत होतं. सगळी गल्ली हिरवी, आजारी दिसते म्हणायच्या, पण दिसत होती.

नर्सरीवाल्याने दिलेली पहिली रोपं निरीक्षकबाईंनी नापास केली. ती मंजूर यादीत नव्हती आणि वर्षातून एकदा पानं गाळणारी होती. बारा महिने दाट या शब्दांपुढे नर्सरीवाल्याचं काही चाललं नाही. काकांनी कंबर धरून ती उपटली. उपटलेली रोपं गॅरेजवाल्याने आनंदाने नेली, टेम्पोत लावली, आणि टेम्पो आणखी देखणा झाला. आयुष्यभर इतरांना नापास होताना पाहिलेल्या माणसाला हे सोसणं सोपं नव्हतं. काका दोन दिवस गच्चीवरच फिरले.

दुसरी रोपं मात्र मंजूर यादीतली होती आणि भलतीच गुणी निघाली. खत घातलं, पाणी घातलं, आणि ती अशी फोफावली, की काकांना रोज सकाळी त्यांच्याशेजारी उभं राहून आपली उंची पडताळावी लागे. एके दिवशी झुडपं काकांच्या डोक्यावर गेली. जाळी काढली. काका रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. टाकी दिसेना, मशीन दिसेना, कपाट दिसेना. आजीही दिसेनात. काका खूश होऊन घरी आले.

"आई, रस्त्यावरून अगदी काहीच दिसत नाही!"

"इथूनही नाही," आजी म्हणाल्या.

त्यानंतर व्हरांड्यात शांतता झाली. काकांनी पहिले काही दिवस तिचा आनंद घेतला. पेपर आरामात वाचून व्हायचा. मग पेपर लवकर संपायला लागला. वकिलांच्या घरात काय चाललंय हे काकूंना कळेना. पार्सलवाले गल्लीत गोल गोल फिरून पार्सलं परत नेऊ लागले. गॅरेजवाला गाडीखालून बाहेर येईपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलेलं असे, आणि तो येऊन झुडपांना विचारी, "आजी, कोण आलं होतं?" आजी म्हणत, "मला काय ठाऊक, बाबा."

आजी नुसत्या पानांकडे बघत बसायच्या. चहा अर्धा राहायचा. एकदा काकू त्यांना बाहेर न्यायला आल्या, तर आजी म्हणाल्या, "राहू दे. आत काय, बाहेर काय, सारखंच." हे त्या लेकीला म्हणाल्या आणि या वेळी जावयाला लागावं असा त्यांचा हेतू नव्हता. म्हणूनच ते काकांना फार लागलं. आपण एका जिवंत माणसाला टाकीच्या आणि मशीनच्या रांगेत नेऊन उभं केलं, आणि वर अंतर मोजून केलं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. त्यांना स्वतःची शरम वाटली.

भर दुपारी काका मोठी कात्री घेऊन व्हरांड्यात आले. आजींच्या खुर्चीत बसून त्यांनी नजरेची रेघ धरली. गवंड्याकडून पाणसळ मागून आणली होती, ती लावून कडा सरळ आहेत ना ते पाहिलं. नियम मोडायचा तर तो तरी नीट मोडावा, असा त्यांचा स्वभाव. मग त्यांनी हिरव्या आडोशात एक सुबक चौकोनी खिडकी कापली आणि आजींना हाताला धरून आणून बसवलं.

आजींनी खिडकीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत मान फिरवली.

"गॅरेजवाल्याचं पोट सुटलंय," शेवटी त्या म्हणाल्या. "बायकोशी समेट झालेला दिसतो."

काकूंनी आत जाऊन डोळे पुसले. काकांनी पेपर उघडला, पण तो उलटा धरला होता.

आणि त्याच आठवड्यात निरीक्षकबाई अंतिम तपासणीला आल्या. रस्त्यावर उभ्या राहून त्यांनी आडोसा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मधल्या चौकोनातून आजी त्यांच्याकडे पाहत होत्या.

"काका, हे काय आहे?"

इथे काकांनी खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगितलं की पत्रे, आणि पत्रे ठोकले की ही खिडकी गेली, कायमची.

"बकरी," ते म्हणाले.

"काय?"

"बकरीने खाल्लं." खोटं बोलणारा पोरगा नको तितके तपशील देतो, हे काका नव्या पर्यवेक्षकांना नेहमी शिकवत असत. "काळी होती. एक कान तुटका. डावा."

"बकरीने इतकं चौकोनी खाल्लं?"

समोरून गॅरेजवाला हात पुसत आला. "माझीच होती ती, मॅडम. चूक आमची. दावं तोडून आली."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. गॅरेजवाल्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. खिडकी झाल्यापासून त्याचं एकही गिऱ्हाईक परत गेलं नव्हतं, तेव्हा त्याचं काही फार मोठं मन होतं असं नाही. पण थोडं होतं.

"कुठाय बकरी?"

"विकली."

"का?"

"चौकोनी खायला लागली म्हणून."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "हे बघा, जनावराने खाल्लं असेल, तर आम्ही पत्रे ठोकत नाही. झुडूप आपलं आपण भरून येईपर्यंत थांबतो, कितीही वेळ लागो. पण तुम्हा दोघांच्या शब्दावर मी हे लिहू शकत नाही." त्या खिडकीकडे वळल्या. "आजी, तुम्ही कायम इथेच असता. तुम्ही सांगा. बकरी आली होती?"

आजी फटकळ होत्या, पण त्यांना खोटं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. एक वाक्य, आणि त्यांची गल्ली त्यांच्याच तोंडाने जाणार होती.

आजींनी पदर सावरला.

"मला कसं दिसणार गं, बाई?" त्या म्हणाल्या. "मध्ये तुझा आडोसा होता ना."

निरीक्षकबाई आजींकडे पाहत होत्या, मग त्यांनी मान खाली घातली आणि लिहायला लागल्या. 'जनावराकडून नुकसान. भरून येईपर्यंत मुदत.' सही केली. जाता जाता काकांना म्हणाल्या, "बकरीचा हात मोठा सफाईदार आहे हं, काका." आणि कोपऱ्याकडे चालू लागल्या.

काका तसेच खिडकीसमोर उभे राहिले. रुमालाने कपाळ पुसलं, मग डोळेही पुसले. "आई," ते म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा खोटं बोललो."

"कळलं मला. अजून सवय नाही तुम्हाला." आजींचा आवाज जरा ओला झाला होता, पण तो त्यांनी लगेच सावरला. "आता जरा बाजूला सरका, जावईबापू. ती बाई कोपऱ्यावर कोणाशी तरी हसून बोलतेय आणि तुमच्यामुळे मला काही दिसत नाहीये."

काका सरकले. मग व्हरांड्यात येऊन, स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि मान पुढे काढून म्हणाले, "कोणाशी हो?"